कॉम्प्युटरनं दिलेला शेवटचा तास

शनिवारची शाळा सकाळची असते. शेवटच्या तासाला पोरांची दप्तरं भरलेली असतात, एक पाय बाकाबाहेर असतो आणि डोळे घंटा वाजवणाऱ्या शिपायावर असतात. अशा पोरांना पत्र्याच्या वर्गात, नववी ड मध्ये, वाऱ्यांचे प्रकार एकदा शिकवून पाहा. मी शिकवलेत. एक वर्ष नाही, ओळीनं चार वर्षं. शिवाय रोज मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास, तोही माझाच. शाळेत आम्ही पंचवीसेक शिक्षक होतो. बाकीच्यांचे काय हातपाय मोडले होते?

पण भांडायचं कुणाशी? वेळापत्रक कॉम्प्युटरनं केलेलं असायचं. तो कॉम्प्युटर आमच्याच घरी, आतल्या खोलीत होता, आणि त्याचे मालक, चालक आणि भक्त आमचे बाबा होते.

ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांना वेळापत्रक ही काय चीज आहे ते कळायचं नाही. आम्ही मास्तर लोक पगार उशिरा झाला तर सहन करतो, पण पहिला तास गेला की रक्त उसळतं. कॉम्प्युटर यायच्या आधी दर जूनमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये रण माजायचं. पीटीच्या सरांनी एकदा हजेरीपट मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटला होता. संस्कृतच्या मॅडम तर वेळापत्रक लागलं की आठ दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. गणिताच्या दोन सरांचं वैर त्यांच्या बायकांपर्यंत पोहोचलं होतं, आणि मूळ कारण मंगळवारचा तिसरा तास.

बाबा दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापक होते आणि तिथलं वेळापत्रक स्वतः हातानं करायचे. जुन्या लग्नपत्रिका कापून त्याच्या चिठ्ठ्या करायच्या, एकेका चिठ्ठीवर एकेका शिक्षकाचं नाव लिहायचं, जमिनीवर मोठा आखलेला कागद पसरायचा आणि त्यावर चिठ्ठ्या सरकवत बसायचं, असा त्यांचा मे महिना. त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांकडे एक निनावी पत्र गेलं. मुख्याध्यापक आपल्या माणसांना सकाळचे तास देतात, असं त्यात लिहिलं होतं. आपली माणसं म्हणजे कोणती, ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं. आमचं घर छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. वाचणाऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

चौकशी झाली. काही निघालं नाही. निघणारच काय होतं? बाबांनी ते पत्र नीट घडी करून कपाटात ठेवलं आणि त्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. मला मात्र अजून ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

रिटायर झाल्यावर चारच महिन्यांत बाबांनी नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणला. टाइपरायटरची नुसती बटणांची बाजू कापून आणावी एवढाच तो दिसायचा. त्याला पडदा नव्हता; तो टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर असायचा आणि तो आत जाताना असा किंचाळायचा की शेजारच्या काकू पहिल्या दिवशी विचारायला आल्या, "मांजर सापडली का वं दारात?"

बाबा साठीला टेकलेले. पण पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन बसले ते बसलेच. वर्षभर त्यांनी वेळापत्रकाचा प्रोग्राम लिहिला. मे महिना आला की खोलीचं दार बंद. टीव्ही आत, म्हणून आईचा रविवारचा सिनेमा बंद. "प्रोग्राम चालू आहे, आवाज करू नका," एवढंच आतून ऐकू यायचं. तीन आठवड्यांनी प्रिंटरची करवत चालायची आणि भोकं पाडलेल्या कागदावर वेळापत्रक बाहेर यायचं. खाली ठळक ओळ असायची: कॉम्प्युटर जनरेटेड.

आणि काय सांगू, भांडणं थांबली! पहिल्या वर्षी एकट्या आमच्या शाळेचं केलं, चौथ्या वर्षी सहा शाळांचं. पीटीच्या सरांनी सलग दोन तास उन्हात मिळाले तरी हूं की चूं केलं नाही. "कॉम्प्युटरनं दिलं म्हणजे विचार करूनच दिलं असेल," म्हणाले. संस्कृतच्या मॅडमना गुरुवारी दुपारचा तास मोकळा मिळाला. त्यांचा गुरुवारचा उपवास असायचा. "मी कुणाला बोलले पण नव्हते हो. त्याला कसं कळलं असेल?" असं म्हणून त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. हिंदीचे सर रोज काटोलहून बसनं यायचे. ती बस कधी वेळेवर आल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांना पहिला तास कधीच लागला नाही. "मशीन है, पर दिल है उसको," हे सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवायचे.

दिल सगळ्यांसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुमच्या त्या डब्याला सांगा, मी पण माणूसच आहे."

"त्यात माणसाचं काही चालत नाही वं," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "सगळे नियम आत घातले आहेत. जे निघते ते निघते."

"मग नियम बदला."

"एकदा तुझ्यासाठी बदलला, की मंग कॉम्प्युटर कायले पाहिजे?"

पाय आपटत मी आत गेले. आई भाजी निवडत होती. "कायले जीव जाळून राहिली?" एवढंच ती म्हणाली आणि वर पाहिलंही नाही.

हे सगळं छान चाललं होतं. बाबांच्या आयुष्यात मी इतके समाधानी दिवस पाहिले नव्हते. सहा शाळांचे मुख्याध्यापक त्यांना रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. सायकलवरून जाताना एखादा अनोळखी शिक्षक ओरडायचा, "सर, या वर्षी मस्त झालं बरं का!" रिटायर झालेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं? आणि चौथ्या वर्षीच्या दिवाळीत कॉम्प्युटरच्या कंपनीनं जाहीर केलं की ती चिप बदलते आहे.

बातमी आमच्या गल्लीतल्या एका तरुण लेक्चररनं आणली. तो इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचा आणि बाबांना फार मानायचा. त्यानं समजावून सांगितलं की कॉम्प्युटरच्या आत एक मुख्य चिप असते, तोच त्याचा मेंदू. कंपनी आता नव्या जातीच्या मेंदूची मशीन काढणार. ती दहा पट वेगवान असेल, पण जुन्या मेंदूसाठी लिहिलेले प्रोग्राम तिला कळणार नाहीत. जुनी मशीन बनणं बंद, हळूहळू तिचे सुटे भागही बंद.

"म्हणजे नवीन सून आली, अन् म्हनते जुन्या डब्यांले मी हातच लावत नाही," आईनं सार काढलं.

"अगदी तसंच, काकू."

चहा तसाच ठेवून बाबा आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, पाच वर्षांची मेहनत पाण्यात गेली म्हणून लागलं असेल मनाला. माझा सगळा राग त्या दिवसापुरता विरघळला. मेलं ते मशीन माझं कितीही वैरी असो, बाबांचं ते सगळं काही होतं.

आठ दिवसांत आमच्या बैठकीच्या खोलीत नागपुरातले आणि आसपासचे त्या कॉम्प्युटरचे सगळे मालक जमले. सगळे म्हणजे नऊ. शिवाय दोन जण नुसते तर्रीवाल्या पोह्यांच्या वासानं आलेले असावेत, कारण त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता आणि घ्यायचा विचारही नव्हता. आईनं पोह्यांवर ओतायला चण्याची झणझणीत तर्री केली होती. नागपुरात तर्री असल्याशिवाय कुठल्याही अन्यायाला तोंड फुटत नाही.

काटोलच्या एका संत्र्याच्या बागाइतदाराची सगळी बाग कॅसेटवर होती. कोणत्या झाडाला कधी पाणी तोडलं, कधी बहार धरला, सगळं. "आता मी काय झाडाले इचारत बसू का, तुले कवा पानी देल्लं होतं म्हनून?" तो तावातावानं म्हणाला. एक डॉक्टर होते. ते म्हणाले, माझ्या पेशंटचं सारं रेकॉर्ड बुडेल. त्यांच्या कॉम्प्युटरवर विमानं पाडायच्या खेळाशिवाय काही नाही, हे त्यांच्याच बायकोनं माझ्या आईला सांगितलेलं होतं, पण ते असो.

सगळ्यात घाबरले होते ते पत्रिका जुळवणारे गृहस्थ. दिवसा बँकेत कारकून, संध्याकाळी कॉम्प्युटरवर कुंडल्या. "तुम्हा लोकांचं काय, रेकॉर्डच जाईल," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्या जुन्या चिपवर ज्यांचे अठ्ठावीस गुण जुळले, त्यांची लग्नं लागून पोरंबाळं झाली. उद्या नव्या चिपवर तेच अठरा निघाले, तर त्या जोडप्यांना मी काय तोंड दाखवू?"

हा प्रश्न खरोखर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. डॉक्टरांनी तर हळूच विचारलं, "माझी पत्रिका कशावर काढली होती हो तुम्ही?"

कंपनीला पत्र लिहावं, असं लेक्चरर म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कंपनी सातासमुद्रापार, तिला पत्र लिहून काय होणार? शिवाय महिनाभरात हिवाळी अधिवेशन होतं. अख्खं सरकार मुंबईहून उठून आमच्या गावात येऊन बसणार. दर वर्षी त्या दोन आठवड्यांत राज्यातला प्रत्येक दुखावलेला माणूस नागपुरात मोर्चा आणतो. मग आम्ही गावातलेच असून घरी बसायचं? ठराव पास झाला. कृती समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण, तर रिटायर मुख्याध्यापक म्हणजे आमचे बाबा.

त्याच डिसेंबरात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली होती. थंडीत जखम लवकर भरते म्हणून आईनं मागे लागून ती घेतली होती. बाबांनी ती पुढे ढकलली.

"एका डब्यापायी डोळे घालवता का?" आई कडाडली.

"डोळे मे मध्ये पण होतात," बाबा म्हणाले. "अधिवेशन मे मध्ये होत नाही."

मोर्च्याला रीतसर पोलीस परवानगी काढली. फॉर्ममध्ये मोर्चेकऱ्यांची संख्या विचारली होती. अकरा, असं बाबांनी प्रामाणिकपणे लिहिलं. इन्स्पेक्टरनं विचारलं, "अकरा हजार का?" बाबा म्हणाले, "नाही, अकरा." इन्स्पेक्टरनं एकदा बाबांकडे, एकदा मागे उभ्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, यापेक्षा जास्त लोक माझ्याकडे चहा प्यायला येतात." पण शिक्का मारला.

बर्डीवरून निघालो तेव्हा आमच्या पुढे कोतवालांचा मोर्चा होता आणि मागे विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा. हातगाडीवर लाल कापड अंथरून बागाइतदाराचा कॉम्प्युटर ठेवला होता, वर झेंडूचा हार. लोक थांबून नमस्कार करत होते. एका म्हातारीनं त्याच्यापुढे चार आणे ठेवले. "जुनी चिप हक्काची" अशी घोषणा पत्रिकावाल्यांनी रचली होती, पण आमच्या अकरा जणांचा आवाज कुणाला ऐकू जातो? पाचच मिनिटांत मागचा मोर्चा आमच्यात घुसला, आणि पुढचा अर्धा तास मी जिवाच्या आकांतानं शंभर टक्के अनुदान मागत होते. डॉक्टर पुढच्या मोर्च्यात वाहून गेले. ते संध्याकाळी सापडले. कोतवालांनी त्यांना जेवू घातलं होतं.

पोलिसांनी रस्त्यात आडव्या बांधलेल्या बांबूंपाशी एका अधिकाऱ्यानं आमचं निवेदन घेतलं. बाबांनी त्याला शांतपणे समजावलं: जुना मेंदू, नवा मेंदू, प्रोग्राम चालत नाही, ग्राहकानं कुठे जायचं. तो मान डोलावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शासन जुन्या मेंदूंच्या पाठीशी आहे." टाळ्या पडल्या. मला वाटतं त्या मागच्या मोर्च्यातल्या होत्या.

फेब्रुवारीत उत्तर आलं: आपले निवेदन उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. मार्चमध्ये त्या विभागाचं पत्र आलं, की विषय आमचा नाही, पुढे पाठवला आहे. एप्रिलमध्ये वीजखात्याचा एक माणूस शिडी घेऊन दारात उभा. "तक्रार आहे ना तुमची?" त्यानं आमचं मीटर तपासलं, ते बरोबर चाललंय असा शेरा मारला आणि बाबांची सही घेऊन गेला. कृती समितीचा लढा तिथे संपला.

तोवर खरं संकट घरात येऊन बसलं होतं. सहा शाळांपैकी सगळ्यात मोठ्या शाळेनं नव्या चिपचा कॉम्प्युटर विकत घेतला. त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष स्वतः आमच्याकडे आले. खुर्चीवर बसून गोड आवाजात म्हणाले, "सर, यंदा तुमचा प्रोग्राम आमच्या मशीनवर चालवून द्या. नाहीच जमलं तर मुंबईची एक पार्टी आहे, ते सहाही शाळांचं करून द्यायला तयार आहेत." म्हणजे जूनपर्यंत प्रोग्राम नव्या मशीनवर चढला नाही, तर बाबांचं काम संपलं. रस्त्यातले नमस्कार संपले.

लेक्चररनं लगेच हात पुढे केला. "सर, मला फक्त प्रोग्राम दाखवा. दोन महिन्यांत नव्या चिपसाठी लिहून देतो."

"पाहू," बाबा म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात तो परत आला. "सर, निदान प्रोग्रामच्या ओळींची यादी तरी दाखवा."

"सध्या नको."

तिसऱ्यांदा आला तेव्हा बाबा इतके तडकले की मीच चकित झाले. "काहून मागे लागून राहिला गा? माझी वस्तू आहे, मी पाहून घेईन!" बिचारा चप्पल घालायची विसरून फाटकापर्यंत गेला. चोरी होईल याची भीती वाटते का यांना, असं मी आईला विचारलं. आईनं कणकेचा गोळा परातीत जरा जास्तच जोरात आपटला.

मे मध्ये बाबांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करावंच लागलं, आणि आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, नंतर दीड महिना वाचन बंद, असा हुकूम झाला. कूलरसमोर खाटेवर पडून बाबा सारखं तारीख विचारायचे. सहा शाळांचे शिपाई आळीपाळीनं येऊन चौकशी करून जायचे. अध्यक्षांचा निरोप आला की मुंबईची पार्टी सोमवारी येते आहे.

"बाबा, तुम्ही सांगा कसं चालवायचं, मी चालवते," मी म्हटलं.

"नाही."

"अहो, पण काम जाईल हातचं!"

"जाऊ दे." भिंतीकडे तोंड करून म्हणाले. पट्टीखालून रडत होते की काय कुणास ठाऊक.

मी ठरवलं, बस्स. दुपारी बाबांना झोप लागल्यावर त्यांच्या कपाटाची किल्ली घेतली आणि लेक्चररला बोलावून आणलं. "वेळापत्रक" असं बाबांच्या सुंदर अक्षरात लिहिलेली कॅसेट लावली. मांजर किंचाळली. टीव्हीवर प्रोग्रामच्या ओळींची यादी आली आणि थांबली. सगळी मिळून चाळीसेक ओळी.

लेक्चरर वाचू लागला. वाचून झालं. पुन्हा वरून वाचलं. मग हसला, आणि मग माझ्याकडे वळला.

"काय झालं?"

"ताई, हा प्रोग्राम काहीच ठरवत नाही. आपण जे टाइप करू ते चौकटीत छापतो. आणि खाली ती ओळ छापतो, कॉम्प्युटर जनरेटेड. बस, इतकंच."

मला काही कळेना. "मग वेळापत्रक कोण करतं?"

मी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. मोठे आखलेले कागद, गुंडाळून दोऱ्यानं बांधलेले, एकेका वर्षाचे. एका बिस्किटाच्या डब्यात लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर संस्कृतच्या मॅडमचं नाव, मागे बारीक अक्षरात: गुरुवार उपवास. हिंदीच्या सरांच्या चिठ्ठीमागे: काटोल बस. पीटीच्या सरांच्या मागे: रागीट, पण मुलगी आजारी असते, चारनंतर सोडणे. एका वहीत पहिल्या वर्षीचा खरा प्रोग्रामही होता, पानंच्या पानं. शेवटी शेरा: दोन दिवस चालला, एकाच तासाला एक शिक्षक तीन वर्गांवर, मेमरी संपली. त्याखाली फक्त, "हाताने करणे."

आणि कागद उलगडले तर दरवर्षीच्या, आमच्या शाळेच्या, प्रत्येक कागदावर सगळी नावं पेन्सिलीनं, खोडून, पुन्हा लिहून. एकच नाव शाईनं. शनिवारचा शेवटचा तास, नववी ड, माझं नाव. मधल्या सुट्टीनंतरचा तास, माझं नाव. कागद कोरा असताना सगळ्यात आधी लिहिलेलं.

माझं डोकं सणकलं. चार वर्षं मी त्या बिनजिवाच्या डब्याला शिव्या घातल्या, आणि हे माझ्या बापानं केलं होतं, माझ्या सख्ख्या बापानं! कागद घेऊन मी तरातरा बाहेर आले. आई दारातच उभी होती.

"तुला ठाऊक होतं?"

"चहा मीच नेत होती ना वं आत," आई म्हणाली. "मे महिनाभर कागद पसरून बसत. टीव्ही नुसता लावून ठेवत, आवाजासाठी."

"आणि माझा तास?"

"त्यायले स्वतःले पंधरा वर्षं तोच तास होता. नवीन लागले होते तवापासून. तवा कोनी इचारलं नाही काहून म्हनून." ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. "कोनाले तरी देनंच लागते ना. दुसऱ्याच्या पोरीले त्यायच्यानं देववत नाही."

मी खाटेपाशी गेले. बाबा जागे होते. पावलांच्या आवाजावरूनच त्यांना कळलं असावं.

"पाहिलं?"

"पाहिलं."

"दुसरा उपाय नव्हता," ते हळू म्हणाले. "मी केलं तर पक्षपात म्हणतात, कॉम्प्युटरनं केलं तर न्याय म्हणतात. हात तेच, चिठ्ठ्या त्याच. मले फक्त भांडण मिटवायचं होतं. अन् उद्या कोनी शोधून काढलं असतं, तर निदान एवढं तरी दिसलं असतं, का यानं आपल्या पोरीले काय दिलं."

रागही येत होता, आणि त्या निनावी पत्र लिहिणाऱ्याच्या नावानं बोटंही मोडावीशी वाटत होती. घरातलं एकुलतं एक सोनं उचलून बाबांनी तारण ठेवलं होतं, असं मला वाटलं. मी खाली बसून नुसती रडले. बाबा चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवून होते.

दाराशी लेक्चरर घुटमळत होता. त्याला बोललं पाहिजे असं वाटलं असावं. "सर," तो म्हणाला, "तुमच्या प्रोग्रामला कुठलीही चिप चालते. चाळीस ओळी आहेत, मी आज संध्याकाळी नव्या मशीनवर चढवून देतो. मी काही पाहिलं नाही."

आईनं त्याला बसवून पोटभर जेवू घातलं. चप्पल मात्र तो त्या दिवशीही विसरला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रात्रंदिवस बसलो. मी जमिनीवर कागद पसरला, चिठ्ठ्या मांडल्या. बाबा डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर पडून सांगत होते आणि मी सरकवत होते. सहा शाळा, दीडशेच्या वर शिक्षक, आणि एकही नाव ते विसरले नाहीत. कुणाची म्हातारी आई एकटी असते, कुणाला दम लागतो म्हणून माडीवरचा वर्ग नको, कोणत्या दोघांना एकाच वेळी मोकळा तास दिला तर स्टाफरूममध्ये जुंपते. कुठल्या कारखान्यात असली चिप बनली असती?

आमच्या शाळेचा कागद सगळ्यात शेवटी घेतला. मी सुरुवात करायची वाट बघत होते, पण बाबा गप्प.

"शनिवारचा शेवटचा," मीच म्हटलं. "लिहू?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "या वर्षी पेन्सिलीनं लिही वं. पाहू जमते का काही."

"बरं," मी म्हटलं आणि शाईचं पेन उघडलं. टोपण काढल्याचा आवाज त्यांना गेला असणारच. ते पुढच्या चिठ्ठीचं नाव सांगू लागले.

सोमवारी मुंबईची पार्टी येऊन परत गेली. नव्या मशीनवर वेळापत्रक एका मिनिटात छापून निघालं. जुन्याला दहा मिनिटं लागायची. अध्यक्षांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि नवा प्रोसेसर किती जबरदस्त आहे यावर भाषण केलं. जूनच्या शेवटी आमच्या स्टाफरूममध्ये कागद लागला. संस्कृतच्या मॅडमनी आपला गुरुवार पाहिला आणि भिंतीला हात जोडले. हिंदीच्या सरांनी सांगितलं, चिप बदली, लेकिन दिल वही है.

पीटीच्या सरांनी माझं नाव शोधलं आणि चुकचुकले. "याही वर्षी तुमच्या बाबांच्या मशीननं तुम्हाला पत्र्यातच टाकलं का हो मॅडम? कॉम्प्युटरला काही माया नसते, हेच खरं."

"नसतेच," मी म्हटलं, खडू उचलला आणि नववी ड कडे निघाले.